बुडालो

माझ्या सासऱ्यांचं बारसं दोनदा झालं होतं आणि लग्नही दोनदा, दोन्ही वेळा बायको तीच. वाशीच्या आमच्या सोसायटीत हे माहीत नसलेला माणूस सापडणं अवघड होतं. सत्यनारायणाची पूजा असो, कुणाच्या मुंजीचं जेवण असो, सासरे खुर्ची ओढून घेत आणि किस्सा सुरू करत. कुणी आधी ऐकलाय म्हटलं तर त्यांना राग येई, आणि कुणी त्यांच्याऐवजी सांगायला लागलं तर त्याहून जास्त. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आमच्या सासऱ्यांची मेल्यावरही गेली नव्हती, असं माझा नवरा म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

मी साताऱ्याकडची. आमच्याकडे समुद्र फक्त नकाशात असतो. लग्न होऊन ह्या मालवणी घरात आले तेव्हा मला बोंबील आणि मांदेलीतला फरक कळत नव्हता. सासरे दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या मालवाहू बोटीवर खलाशी होते, हे मला साखरपुड्यातच सांगण्यात आलं, माझ्या वडिलांना हुंड्याचं विचारण्याआधी.

किस्सा असा. बोट कलकत्त्याहून तागाच्या गासड्या भरून निघाली होती. भर समुद्रात सकाळच्या वेळी दुसरी एक बोट दिसली. साधी, आपल्यासारखीच मालाची, वर कुठल्यातरी भांडणात नसलेल्या देशाचं निशाण. खलाशी कठड्याला टेकून हात हलवत होते. जवळ आल्यावर त्या बोटीने निशाण उतरवलं, दुसरं चढवलं, आणि तिच्या कुशीतल्या फळ्या धाडधाड खाली पडल्या. आत तोफा. व्यापाऱ्याचं सोंग घेऊन शिकार करत फिरणारी ती जर्मन बोट होती. पहिला गोळा तारयंत्राच्या खोलीवर आला. आतला गोरा साहेब मदतीची तार पाठवायला बसला होता, तो जागच्या जागी गेला. सासरे हे सांगताना 'धाडधाड' म्हणत आणि हाताने टेबल वाजवत, त्यावर पोरं खूश होत.

मग जर्मन होड्यांतून आले, सगळ्यांना आपल्या बोटीवर चढवलं, ह्यांच्या बोटीतलं पीठ, बटाटे आणि जिवंत कोंबड्या उचलल्या, आणि बोटीच्या तळाशी सुरुंग लावले. कैद्यांना मुद्दाम डेकवर उभं करून दाखवलं. "माझी पत्र्याची ट्रंक गेली गो तीत," सासरे म्हणत, "नवी होती." नंतर कित्येक महिने ते त्या बोटीच्या पोटात, अंधारात, आणि पुढे लढाई संपेपर्यंत जर्मनीतल्या तुरुंगात. वाटेत जर्मनांनी जखमी नि आजारी कैदी वेगळे काढले आणि दुसऱ्या एका पकडलेल्या बोटीतून कुठल्यातरी किनाऱ्यावर सोडून दिले. त्यात ह्यांच्या बोटीवरचा भंडारी होता. बोटीवर खलाशांच्या स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात, जातीचा इथे संबंध नाही. हा तर नगरकडचा, गिरणगावात वाढलेला. तो फिरत फिरत मुंबईला आला आणि सोबत्याची खबर द्यावी म्हणून वेंगुर्ल्याच्या अलीकडे, ह्यांच्या गावी गेला.

आता विनोद इथे आहे. सासऱ्यांचे वडील दारात उभे. त्यांनी विचारलं, माझो झील खंय? भंडाऱ्याला रडू कोसळलं आणि तो म्हणाला, "बुडालो." मुंबईच्या भाषेत बुडालो म्हणजे मी बुडालो, आम्ही बुडालो. मालवणीत मात्र माणूस स्वतःबद्दल बुडालो म्हणत नाही, 'बुडालंय' म्हणतो. मी जेवलंय, मी इलंय, मी पडलंय. 'बुडालो' म्हणजे तो बुडाला. तो जेवलो, तो इलो, तो बुडालो. भंडारी म्हणाला आमची बोट बुडाली, आम्ही बुडालो, आणि म्हाताऱ्याने ऐकलं, तुझा मुलगा बुडाला. इथे सासरे थांबत, मंडळींना समजायला वेळ देत आणि मग मांडीवर थाप मारून म्हणत, "एका काना-मात्रान माणूस मारलो!"

प्रेत नाही म्हणून गवताचा पुतळा करून जाळला. तेरावं घातलं. लढाई संपल्यावर एके दिवशी मेलेला माणूस खाडीतून होडीने उतरला. भटजींनी शास्त्र काढलं की ज्याचं दहन झालं तो मेला, त्याला तसाच घरात घेता येत नाही, पुन्हा जन्माला घालावा लागेल. मुहूर्त मिळेपर्यंत त्यांना शेतातल्या मांगरात गुरांजवळ ठेवलं. मग तुपाचं बोट चाटवून, कोऱ्या धोतरात गुंडाळून, दाढीमिशा असलेल्या ह्या बाळाचा एक पाय पाळण्यात ठेवला. बहिणीने कानात कुर्र केलं, तिच्या पाठीत बायकांनी धपाटे घातले, नाव नवं ठेवलं. आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं त्यांच्याच बायकोशी लग्न लागलं.

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी येई. सासूबाई चहा फिरवत असायच्या. त्या हसत नसत, पण रागही दिसत नसे. कप गोळा करून आत जात.

त्यांची बाजू मला मासे साफ करताना समजली, तीसुद्धा तुकड्या-तुकड्याने, बऱ्याच वर्षांत. सासूबाई फार बोलणाऱ्या नव्हत्या. आधी एवढंच म्हणाल्या की ज्या बायकांनी बांगड्या फोडल्या, त्याच बायकांनी परत भरल्या. तेच हात. मग पुढे कधीतरी मुलीचं बोलल्या. नवरा बोटीवर गेला तेव्हा त्या पोटुशी होत्या. मुलगी झाली, आणि ती रांगायच्या आत भंडारी दारात आला. पोरगी पांढऱ्या पायाची ठरली, बापाला खाल्लं म्हणून. घरात गाय होती, पण दूध जावेच्या मुलाला जाई. तिला कुणी उचलून घेत नसे. सासूबाई कुळथाची पेज गाळून पाजायच्या.

एका पावसाळ्यात पोरीला ताप भरला. डॉक्टर खाडीपलीकडे. दारात होडी होती, नुकतं तेल प्यायलेली, नवीकोरी. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावरच ती पाण्यात जायची. अशा कोऱ्या होडीत विधवेने पाय ठेवायचा नसतो. त्यांच्या सासऱ्याने नाही म्हटलं, दिराने नाही म्हटलं. पोरीला एकटीला न्या म्हणून त्या पाया पडल्या, तर पांढऱ्या पायाची पोर होडीत घ्यायला दीर तयार होईना. संध्याकाळी दुसऱ्या वाडीतली जुनी होडी आली, तोवर पोर मांडीवरच गेली होती. हे सगळं सांगताना त्या बांगड्याची आतडी काढत होत्या, आणि हात जराही थांबला नव्हता.

मी संतापले होते. तुम्ही ह्या लोकांना माफ कसं केलंत, असं तोंडावर विचारलं. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "माणूस नाय चुकलो गो. शब्द चुकलो." भंडाऱ्याचा दोष नाही, त्याची बोलीच तशी. त्यांच्या सासऱ्याचा दोष नाही, त्याच्या कानाला तेच ऐकू येणार. नवऱ्याचा तर नाहीच, तो बिचारा बंदिवासात. कुणीच चुकलं नाही म्हटल्यावर राग कुणावर धरायचा? त्या एका वाक्यावर त्यांनी जन्म काढला होता. त्याच माणसाशी दुसऱ्यांदा लग्न लावून त्याला चार मुलं दिली होती, त्यातलं शेंडेफळ माझा नवरा.

नव्वदनंतरच्या कुठल्यातरी हिवाळ्यात आमच्या सेक्टरच्या समाजमंदिरात डोळे तपासणीचं फुकट शिबिर लागलं. मी सासऱ्यांना घेऊन गेले. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत औषध घालून त्यांना भिंतीकडेने ओळीने बसवलं होतं, सगळे डोळे मिटून, माना वर करून. तेवढ्यात दोन माणसं तपासणीचं जड यंत्र टेबलावर चढवायला लागली. त्यांचा 'अरे धर, अरे सोड' ऐकून सासऱ्यांना राहवेना. डोळे मिटल्या मिटल्या ते ओरडले, "हबेस! हबेस करा!" बोटीवर उचला, ओढा याला हबेस म्हणतात. ओळीच्या पार दुसऱ्या टोकाकडून एक खरखरीत आवाज आला, "आरिया, लेका, आरिया! पायावर पाडशील त्यांच्या!" आरिया म्हणजे खाली सोडा.

दोघे उठले. दोघांनाही दिसत नव्हतं. मध्ये बसलेल्या म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना अडखळत, हात पुढे करून चाचपडत ते एकमेकांकडे गेले. कुठली बोट, एवढंच एकाने विचारलं. दुसऱ्याने नाव सांगितलं. मग त्यांनी एकमेकांचे चेहरे हातांनी चाचपले आणि लहान पोरांसारखे रडले. डॉक्टरीणबाई ओरडत होती की औषध वाहून जाईल.

तो भंडारी होता. तळवलीला एका आगरी मालकाच्या चाळीत पुतण्याजवळ राहायचा.

घरी येईपर्यंत सासरे नुसते उधळले होते. चहाला बसले आणि गप्प झाले. सासूबाईंनी विचारलं, कोण भेटलो? मीच सांगितलं. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "तो भंडारी? आपलो?" त्यांच्या तोंडचा तो 'आपलो' मला अजून आठवतो. ज्या माणसाच्या एका शब्दाने त्यांच्या बांगड्या फुटल्या, त्याला त्या आपला म्हणाल्या. "तेका जेवक बोलवा. माका बघूचो आसा. मी तेवा दाराआड होतंय, तेचो नुसतो आवाज ऐकलंय." त्याने त्या दिवशी आणखी काय सांगितलं असतं, कुणी बोलू दिलं असतं तर, हे त्यांना विचारायचं होतं. शब्दच चुकला होता, हे एकदा त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यानंतर मेले तरी चालेल, असंही म्हणाल्या.

सासरे टाळायला लागले. आधी म्हणाले भंडाऱ्याचं पोट बरं नाही. मग म्हणाले तो मासे खात नाही, जे कुठल्याही बोटीवरच्या स्वयंपाक्याबद्दल न पटण्यासारखं होतं. मग म्हणाले, तळवली लांब. अर्धं जग बोटीने फिरून आलेल्या माणसाला वाशीहून तळवली लांब वाटायला लागली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मी समजले की म्हाताऱ्याला आपल्या किश्शात भागीदार नको असेल.

माझ्या नवऱ्याची कंपनी रबाळ्याला. रोज तळवलीवरूनच जायचा-यायचा. आईची भुणभुण ऐकून तो एका रविवारी रिक्षा घेऊन गेला आणि भंडाऱ्याला बसवूनच घेऊन आला. सासऱ्यांना दारात तो दिसला तेव्हा ते पेपर घेऊन बसले होते. त्यांनी पेपरची घडी केली, परत उघडली.

भंडारी बारीक, काळा, स्वच्छ माणूस. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. सासूबाईंना वाकून नमस्कार करायला लागला तर त्यांनीच त्याचा हात धरला. सकाळपासून त्या स्वयंपाकघरात होत्या. बांगड्याचं तिखलं, सुरमई तळायला काढलेली, सोलकढी, भाकऱ्या. नवी साडी नेसल्या होत्या. बांगड्या हिरव्या, कपाळावर कुंकू नेहमीपेक्षा मोठं. माझ्या कानात म्हणाल्या की तेका दिसांदे, सगळा बरा झाला म्हणान. त्याच्या मनाला बोचणी असेल, ती जावी, असा त्यांचा हेतू. मला त्या वेळी त्यांचं फार कौतुक वाटलं.

जेवणं सुरू झाली. आमच्या घरात स्वयंपाकघर आणि हॉलच्या मध्ये खिडकी होती, त्यातून सासूबाई तळलेली तुकडी पुढे करत आणि मी वाढत होते. भंडारी वाखाणून जेवत होता. "वैनी, बोटीवर मी हे असं करून घातलं असतं तर जर्मन पण शरण आले असते." सगळे हसले. आणि माझ्या नवऱ्याने, वडिलांनी डोळे वटारलेले असतानासुद्धा, तो किस्सा काढला.

"काका, तुमच्या एका शब्दानं आमचे बाबा मेले, माहितीय का?"

भंडाऱ्याचा घास हातातच राहिला. त्याला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पुतळा, तेरावं, पाळणा, दुसरं लग्न, सगळं माझ्या नवऱ्याने खुलवून सांगितलं. बुडालो आणि बुडालंय समजावलं. सासरे मध्ये मध्ये "जेव रे, जेव, मासो थंड होता" म्हणत राहिले.

"थांब," भंडारी म्हणाला. "माझा शब्द? अरे बाबा, मी कशाला असं बोलू? तो ह्याचा निरोप होता."

भंडारी बिचारा आठवून आठवून सांगायला लागला. "आमाला जखमी लोकांना वेगळं काढलं ना, तेव्हा शिडीपाशी ह्यानं माझा हात धरला. म्हणतो, गावाक गेलंस तर बापाशीक सांग, बुडालो. मी म्हटलं, येड्या, जिवंत हायस ना, असं नको बोलू. तर परत तेच. एवढाच सांग, म्हणतो, दुसरा काय बोलू नको. बुडालो. मला वाटलं, माणूस म्हणतो ना, मेलो, बुडालो, वाट लागली माझी, तसं. तुमच्या आजोबांना बघितलं आणि माझ्या तोंडातून शब्द फुटंना. म्हटलं निरोप तेवढा देऊन टाकू. तो दिला तर त्यांनी हंबरडाच फोडला. मला वाटलं पोराचे हाल ऐकून रडतायत. बायका बाहेर आल्या, रडारड, मला कुनी पुढं बोलूच दिलं नाय."

माझा नवरा अजून हसरं तोंड करून बसला होता. तो मुंबईत वाढलेला, त्याची मालवणी आईशी दोन शब्द बोलण्यापुरती. भंडाऱ्यालाही काही कळलं नव्हतं. पण मी त्या घरात इतकी वर्षं काढली होती, रोज 'मी जेवलंय', 'मी थकलंय' ऐकत होते. माझे सासरे झोपेतसुद्धा स्वतःबद्दल 'बुडालो' म्हणाले नसते. त्यांच्या तोंडी त्या शब्दाचा एकच अर्थ होता. तो बुडाला म्हणून सांग.

खिडकीपलीकडे तेलाचा चरचराट थांबला. सासूबाईंनी गॅस बंद केला होता. त्या हातात कालथा घेऊन हॉलच्या दारात आल्या.

"तेनी बुडालो म्हटल्यान?" त्यांनी भंडाऱ्याला विचारलं. "बुडालंय नाय? नीट आठवा."

"बुडालोच, वैनी," तो म्हणाला, आणि त्यात थोडा अभिमानही होता. "तुमची बोली मला येत नव्हती, म्हणून रस्ताभर घोकत आलो होतो. एक अक्षर बदललं नाय. निरोप म्हणजे देवाचं काम."

सासऱ्यांनी ताटातली भाकरी मोडली, तशीच ठेवली. सासूबाई आत गेल्या, सुरमईची शेवटची तुकडी आणली आणि स्वतःच्या हाताने भंडाऱ्याच्या ताटात वाढली. "जेवा," म्हणाल्या. तो जेवला. बडीशेप खाल्ली, दोघांना नमस्कार केला, पुढच्या वेळी मी मटण करतो म्हणाला. नवरा त्याला सोडायला गेला.

दुपारी भांडी घासून झाल्यावर सासूबाई सासऱ्यांसमोर खुर्ची घेऊन बसल्या. मी तिथे होते. मला उठून जावंसं वाटलं आणि गेले नाही. त्यांनी एकच शब्द विचारला, "कित्याक?"

खोटं बोलायला सासऱ्यांजवळ जागा भरपूर होती. मी परत येणार नाही असं वाटलं, तू मोकळी व्हावीस, पाट लावून कुणाचं घर धरावंस, असं म्हणाले असते तर त्यांना सुटता आलं असतं. मी मनातल्या मनात त्यांना ते शिकवत होते. पण ते म्हणाले, "बापाशीन माका जबरदस्तीन बोटीर धाडल्यान. माका जावचा नव्हता. तेका रडवूचा होता. एकदा तरी रडांदे म्हटलंय."

"आणि मी?"

"तू?" त्यांनी खरंच विचार केला. ते मला सहन होईना. आठवून बघत होते, चष्मा कुठे ठेवला ते आठवावं तसं. "तुझी आठवणच इली नाय गो तेवा."

सासूबाईंनी मान हलवली. बाथरूममध्ये गेल्या, साबण लावून एकेक बांगडी उतरवली, तोंड धुतलं. बाहेर आल्या तेव्हा कपाळ कोरं होतं. बांगड्या ताटलीत घालून माझ्याकडे दिल्या, म्हणाल्या, तुझा हात लहान आसा, तुका व्हतले. फोडल्या नाहीत. मंगळसूत्र देवघरात ठेवलं.

त्या दिवसापासून त्या नवऱ्यासमोर विधवा म्हणून राहिल्या. स्वयंपाक करायच्या, त्यांचं ताट वाढायच्या, औषधाची वेळ झाली की गोळी पुढे ठेवायच्या. भांडण नाही, आदळआपट नाही. सोसायटीच्या बायकांनी आधी कुजबुज केली, मग मला गाठलं, मग थेट त्यांनाच विचारलं, "काकू, काका तर चांगले आहेत की!" त्या म्हणाल्या, "तेंचा सगळा कार्य झाला हा आमच्या घराकडे." हळदीकुंकवाला त्यांना बोलावणं बंद झालं. काही बायका जिन्यात त्या समोरून आल्या की थांबून घ्यायच्या. ह्यातल्या दोघी कॉलेजात शिकवत होत्या. मी त्यांच्याकडे जाणं सोडलं.

किस्सा संपला. सासरे कुठल्याही समारंभात खुर्ची ओढेनासे झाले. भंडारी दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा सासऱ्यांनी झोपल्याचं सोंग केलं. नंतर तो आला नाही. त्याला शेवटपर्यंत काही कळलं नसावं, आणि मीही सांगितलं नाही.

वर्षभरात म्हातारा खचला. कुणी मारलं असतं, घराबाहेर काढलं असतं, तर त्यांना पेललं असतं. पण रोज सकाळी चहा पुढे ठेवणारं ते कोरं कपाळ त्यांना बघवेना. एक दिवस त्यांनी कुंकवाची डबी देवघरातून आणून सासूबाईंसमोर ठेवली आणि हात जोडले. बायकोला हात जोडणारा तो माणूस नव्हता. "लाव गो. मी जित्तो आसय."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "लावतंय. चेडवाचा नाव सांगा."

सासरे माझ्याकडे बघायला लागले. त्यांना मुलीचं नाव माहीत नव्हतं. ते बोटीवर असताना ती जन्मली, ते तुरुंगात असताना गेली, आणि परत आल्यावर पाळणा त्यांचा स्वतःचा होता. नाव त्यांनी विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलं नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. सासूबाई बोलताना नेहमी 'चेडू', म्हणजे पोरगी, एवढंच म्हणायच्या.

मग ते नावाच्या मागे लागले. खालच्या एसटीडी बूथवर जाऊन गावी फोन लावायचे. बहीण गेलेली, भाऊ गेलेला, भावजयीला स्वतःच्या मुलांची नावं आठवत नव्हती. तेव्हाच्या पांढऱ्या पायाच्या पोरीचं नाव कोण लक्षात ठेवणार? गावातून काही मिळेना तेव्हा ते अंदाजाने सांगायला लागले. आजीचं नाव, बहिणीचं नाव, गावच्या देवीचं. रोज सकाळी चहाबरोबर एक-दोन. सासूबाई प्रत्येक वेळी ऐकून घेत, विचार करून "नाय" म्हणत. कधी कंटाळल्या नाहीत. माझा नवरा एकदा ओरडला की आई, किती छळशील त्यांना, सांगून टाक. त्यांनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो पाय आपटत खाली निघून गेला. मला त्या म्हाताऱ्याची दया यायची, आणि दया आली की त्या कोऱ्या होडीची आठवण यायची. मग दया आटायची.

सासरे आजारी पडले, अंथरुणाला खिळले, तरी नावं चालूच. शेवटी शेवटी डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. मग आमच्या हॉलमध्ये खिडकीजवळ त्यांची खाट आणि पायाशी सासूबाई, मांडीवर सूप. आवाज नीट फुटत नसे. ते जाण्याच्या आठवड्यातली एक सकाळ. मी त्यांच्या ओठांना पाणी लावत होते. त्यांनी एक नाव घेतलं. साधंच होतं, कोकणात घरोघर असतं तसं. मला वाटतं ते त्यांनी आधी कधी घेतलं नव्हतं.

सासूबाईंचा हात सुपात थांबला. मासे साफ करताना मुलीचं मरण सांगितलं तेव्हासुद्धा न थांबलेला हात. त्यांचे डोळे भरून आले आणि तोंड आपोआप उघडलं. कुंकवाची डबी खाटेशेजारी होतीच. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. मग पदराने डोळे पुसले, खडा शोधून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "नाय."

सासऱ्यांनी मान डोलावली आणि पुढचं नाव घेतलं.